डोळे गेले की कान येतात, हे खोटं आहे पप्पा

प्रिय पप्पा,

आठवीत शाळा सोडली तेव्हापासून एवढं सलग कधी लिहिलं नाही, त्यामुळे चुका काढू नका. फोनवर हे कुणाशी बोलता येत नाही, आणि ज्यांच्याशी बोलायचंय ते तुम्हीच राहिला नाहीत.

काल आईचा फोन आलेला. शुगरमुळे तिच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलंय. डॉक्टर बोलले, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, आत्ता घेतली तर आहे ती नजर तरी टिकेल. ती नाही बोलते. का, तर तुमच्यामुळे.

"तुझ्या पप्पांचं काय अडलं? डोळे गेले तर त्यांना कान आले, बोटं आली. देव एक काढून घेतो तर दुसरं देतो. मी नाही डोळ्यात सुई टोचून घेणार."

मी इथे मस्कतला एका बिल्डिंगच्या छतावर एसीचे डक्ट जोडत होतो. एका हातात ड्रिल, एका हातात फोन. नंतर करतो बोललो आणि ठेवला. मग दिवसभर तुमच्यावर चिडून होतो. चिडू नको तर काय करू? ही गोष्ट तुम्हीच पसरवलीत ना?

विठ्ठलवाडीच्या आपल्या चाळीत तुम्ही फेमस होतात. शीळफाट्याला टेम्पो चालवणारा माणूस शुगरने आंधळा झाला, त्याचं लोकांना चार दिवस वाईट वाटलं. पण तो पावलांवरून माणूस ओळखतो, याचं कौतुक संपतच नव्हतं. बाजूच्या कांबळे काकू मुद्दाम दबकत यायच्या.

"ओळखा भाऊजी, कोण?"

"वहिनी, मांजरीसारख्या आलात तरी चपलेचा तुटलेला अंगठा वाजतोय तुमच्या."

सगळी गॅलरी हसायची. आई तर अशी बघायची, जसं काय तुम्ही मेडल आणलंय.

मी एकदा विचारलेलं, पप्पा, खरंच एवढं ऐकू येतं? तेव्हा तुम्ही हळूच बोललात, "पहिल्याएवढंच येतं रे. पहिलं लक्ष द्यायची गरज नव्हती. आता नाही दिलं तर आपटेन. त्यांची पोरगी सकाळी त्या चपलेवरून भांडत होती, ते भिंतीतून ऐकलं. बस."

आणि त्यात दमायचात किती, ते कुणी बघितलं? दिवसभर कान ताणून संध्याकाळी तुमचं डोकं ठणकायचं. गल्लीत वरातीचा डीजे आला की तुम्ही दुसऱ्यांदा आंधळे व्हायचात. पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून बसायचात. कोण आलं, कोण गेलं, काही कळायचं नाही. आई बोलायची, "त्यांना गाण्याची आवड नाही."

मग बोटं. आई कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे आणायची, शिलाईचे सुटलेले धागे कापायला. तुम्ही तिच्या बाजूला बसायला लागलात. शिलाईवरून बोट फिरवायचं, धागा लागला की कात्री. कारखान्याचा माणूस पण बोलला, काकांच्या हातून एक धागा सुटत नाही. आईने ते अख्ख्या चाळीला सांगितलं.

तो असं बोलला तेव्हा तुमची बोटं कधीच गेली होती.

मी सुट्टीवर आलेलो. आई रेशनला गेलेली. दरवाजा उघडला तर तुम्ही पँट तोंडाजवळ धरून शिलाई ओठांवरून सरकवत होतात, माऊथ ऑर्गन वाजवतात तशी. ओठाला धागा लागला की तिथे अंगठा दाबायचा आणि कात्री लावायची. अंगठ्यावर कात्रीचे किती तरी वण. जीन्सच्या कच्च्या रंगाने ओठ निळे झालेले.

मी बोललो, "काय पप्पा, पँटचे मुके घेताय?"

तुम्ही हसलात पण नाही. "निल्या, आईला सांगू नको. शुगरने पायासारखी बोटं पण सुन्न केली. हे कळलं तर ती काम काढून घेईल हातातलं. नुसतं बसून काय करू मी?"

नाही सांगितलं. तुमचे निळे ओठ बघून आई घाबरली, हार्टचं काही आहे बोलली, तेव्हा तुम्ही तिला जांभळं खाल्ली म्हणून सांगितलंत. ऐन दिवाळीत जांभळं. तिने मान्य पण केलं. तिला मान्यच करायचं होतं, पप्पा.

मी परत इकडे आलो. मग तुमच्या पायात खिळा घुसला. डोळ्यांना दिसला नाही, पायाला कळला नाही, आणि खिळ्याचा काही आवाज येत नसतो. वास आला तेव्हा कळलं, तो पण तुम्हाला नाही, कांबळे काकूंना. तोवर जखम सडलेली. डॉक्टर बोलले नसा मेल्यात, आईला वाटलं पायाच्याच. तुम्ही गेलात तेव्हा मी तिकीट शोधत होतो.

ती सगळी गंमत कुणासाठी होती? आई घाबरू नये म्हणून? बघा, तिची भीती तुम्ही एवढी घालवलीत की ती आता आंधळी व्हायला पण तयार आहे.

फोरमनकडे रजा मागितलीय. तो कुरकुर करतोय. नाही दिली तर काम सोडेन. तुम्हीच बोलायचात ना, निल्याच्या पायाला भिंगरी आहे, एका जागी टिकत नाही. यावेळी निदान कारण तरी आहे.

हे फोनवर नाही सांगणार. तिच्या समोर बसून सांगेन, की बोटं गेली होती, ते ओठांनी धागे शोधायचे, डोकं ठणकायचं. ती रडेल. तुम्हाला शिव्या घालेल, आणि तुम्ही नाही म्हणून त्या मी खाईन. तुम्हाला दिलेला शब्द मोडतोय, कळतंय मला. पण तुमचं हसं होऊ देणार नाही. देवाने त्यांना काही दिलं नव्हतं आई, सगळं त्यांनी स्वतः ओढूनताणून आणलेलं, असंच सांगेन.

मग तिला इंजेक्शनला घेऊन जाईन. आत हात धरू देतात का, माहीत नाही. नाही दिला तर दाराबाहेर उभा राहून बोलत राहीन, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

तुमचं ऐकून आजपर्यंत गप्प राहिलेला,
निल्या