पांढरं अस्तर

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि सोबतचं प्रदर्शनाच्या निमंत्रणाचं कार्ड, दोन्ही काल मिळालं. कागद छान आहे, जाड आणि गुळगुळीत. छापखान्यात हयात गेलेल्या बाईचं लक्ष आधी कागदाकडेच जाणार, राग मानू नकोस. तपकिरी रंग मात्र छपाईत जरा लालसर झालाय. बाबांचा तपकिरी असा ओरडत नाही. कार्डावर कोणतं चित्र घेतलंस ते पाहिलं. त्याबद्दल पुढे लिहिते.

इकडे सगळं बरं आहे. थंडी पडायला लागली. जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय आणि बदलायचा कुणी यावर चारही बिऱ्हाडांत मौन आहे. खालच्या काकू आपल्या गुडघ्यांना शिव्या घालत वर येतात, दारातूनच विचारतात, "काय म्हणतायत आमचे बादलीवाले?" बाबांनी लागोपाठ बादल्याच रंगवल्या, तेव्हापासूनचं हे नाव; ते काही सुटत नाही. बाबा अर्ध्या तोंडाने हसतात. दुसरं अर्धं अजून हसत नाही.

व्यायाम घेणाऱ्या बाई नेमाने येतात. उजव्या हातात काही नाही. त्या बोटं उघडतात, बोटं पुन्हा मिटतात. "प्रयत्न करायचा आजोबा, हार नाही मानायची," असं त्या मोठ्याने म्हणतात, जणू आजार कानाला झालाय. बोलणंही तेवढंच आहे: हो, नको, पाणी. कालपर्यंत आणखी दोनच शब्द आले होते. तेही सांगते.

तू लिहितोस, दालनाचे व्यवस्थापक घाई करतायत, सोमवारी टेम्पो येईल, तोवर सगळी चित्रं पुसून, कापडात बांधून, मागे चिठ्ठ्या लावून तयार ठेव. "ताई, या वेळी भाषण नको, फक्त काम," असंही लिहिलंयस. बरं. भाषण करत नाही. पण कामाबद्दल जे सांगायचंय ते सांगायला सकाळपासून कागद पुढ्यात घेऊन बसलेय आणि जिन्यातल्या दिव्याबद्दल लिहितेय. सभेत टेबल बडवणारी तुझी बहीण ही. बघ.

चित्रं बांधलेली नाहीत. बांधण्यासारखी उरलेली नाहीत.

घाबरून फोन करू नकोस, आधी पूर्ण वाच. आग लागलेली नाही, चोरी झालेली नाही. बाबांनी ती पांढरी केली. एकेक करून, स्वतःच्या डाव्या हाताने. आणि प्रत्येक वेळी बरणीचं झाकण मी उघडून दिलं.

सुरुवात अशी झाली. एका सकाळी त्यांनी कपाटाकडे बोट केलं. पांढऱ्या अस्तराची ती मोठी बरणी, कॅनव्हासवर रंग चढवण्याआधी पहिला हात द्यायची. मला वाटलं, बाबांना चित्र काढायचंय! अरे, मी नाचायची तेवढी बाकी होते. खुर्ची उजेडात ओढली, पाणी ठेवलं, चपटा ब्रश डाव्या हातात दिला. त्यांनी बरणी मांड्यांमध्ये धरली, एका हाताने झाकण फिरवायला गेले, बरणीच फिरली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "झाकण." आजारानंतरचा त्यांचा पहिला नवा शब्द. मी आनंदाने उघडून दिलं.

कोरा कॅनव्हास पुढे ठेवला तर "नको." भिंतीकडे बोट. भिंतीवर लाल भोपळा होता, तो अर्धा कापलेला, बियांवर उजेड पडलेला. म्हटलं, जुनं सुधारायचं असेल. काढून दिला. त्यांनी ब्रश बुडवला आणि भोपळ्याच्या डाव्या कडेपासून पांढरं ओढायला लागले. मी बघत राहिले. रंगात रेघा पडत होत्या, पण ते थांबले नाहीत. खाली बी चमकत होती तोवर चमकली.

संपल्यावर म्हणाले, "पुढचं."

हा दुसरा शब्द.

मी बोलले की नाही? बोलले. तू ओळखतोस मला. अर्धा तास उभी राहून बोलले, की तुम्ही एक आयुष्य पुसताय, लोकांनी राजेरजवाडे रंगवले, तुम्ही किटली रंगवलीत, पाणी भरून आणलेल्या बादलीला राजाच्या मुकुटाइतका उजेड दिलात, हे पुसायचा तुम्हाला काय अधिकार! बरणी कपाटात टाकून कुलूप लावलं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी नाहीत. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात उचलत नव्हते.

आणि मला माझाच आवाज ऐकू आला. छापखान्याच्या फाटकावर, लाकडी खोक्यावर उभी राहून मी काय ओरडत आले आयुष्यभर? ज्याच्या हातांनी वस्तू घडली, वस्तू त्याची. मालकाची नाही, विकणाऱ्याची नाही, बघणाऱ्याचीही नाही. टाळ्या पडायच्या. आता टाळ्या नव्हत्या. एक म्हातारा माणूस पलंगावर पडून तेच म्हणत होता, तेही न बोलता. जे वाक्य मी मालकाच्या तोंडावर फेकलं, ते बापापुढे मागे घेऊ? मी कुलूप काढलं. झाकण उघडलं. त्यांनी भिंतीवरची शेळी पांढरी केली आणि वाटीभर भात खाल्ला.

नंतर रोज सकाळी एक. कुंपणावरचा कावळा गेला. वाकलेलं झाड गेलं. बदकं, कात्री, ओल्या छत्र्या, बादल्या सगळ्या. हात बसत गेला. शेवटची चित्रं इतकी सपाट पांढरी झालीत की खाली काही होतं अशी शंकाही येऊ नये. आईचं शिवणयंत्र समोर ठेवलं तेव्हा मी दुसऱ्या खोलीत गेले. आई कोटाला अस्तर आतून लावायची, आठवतं? म्हणायची, वरचं कापड बघायला, अस्तर अंगाला. बाबा वरून लावत होते. मी परत आले तेव्हा शिवणयंत्राचं फक्त चाक उरलं होतं. मी तिथेच उभी राहिले आणि चाक जाताना पाहिलं. कुणीतरी पाहायला हवं होतं.

तू म्हणशील, थांबवायचं होतंस, मला कळवायचं होतंस. कळवलं असतं तर तू टेम्पो आधी पाठवला असतास. म्हणून नाही कळवलं. हे सरळ लिहून टाकते, पांघरूण घालत नाही.

का करतायत, हे मला सांगता येणार नाही. विचारलं की ते बरणीकडे बोट करतात. तैलरंग सोडून अॅक्रिलिक का धरलंत, असं एकदा मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले होते, "तैलरंग पस्तावायला वेळ देतो गं. हे देत नाही. चहा पिऊन येईपर्यंत वाळतं. चुकलं तर खरवडत बसायचं नाही, वरून रंगवायचं." तेव्हा मी हसले होते. आता वाटतं, हात गेल्यावर त्यांना एवढंच करता येण्यासारखं उरलं. काढता येत नाही, निदान वरून रंगवता येतं.

इथे थांबले होते. बाबांनी हाक मारली, पाणी हवं होतं. आता दुपार झालीय, लिहून संपवते.

एक चित्र अजून आहे. तुझ्या कार्डावरचं. बोका.

तुला कुत्रा नको होता, मांजर हवं होतं. बाबांनी पिल्लू आणलं ते कुत्र्याचं. तू रागाने त्याचं नाव बोका ठेवलंस आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याच अंगावर झोपायला लागलास. सगळी गल्ली हसायची. "बोक्या, भुंक रे!" तो भुंकायचा.

त्याला गाडीने उडवलं त्या दिवशीचं तुला मी काय सांगू? तू सायकल घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे पळालास. त्यांना घेऊन आलास तेव्हा बोका गेला होता आणि बाबांसमोर कॅनव्हास होता, बोक्याचा कान अजून ओला होता. तू विचारलंस, "तुम्ही चित्र काढत होतात?" एवढंच. त्यानंतर या घरात तू पाहुण्यासारखा राहिलास आणि एक दिवस पाहुण्यासारखा निघून गेलास.

मी तिथे होते. त्याच संध्याकाळी तुला सांगायला आले, तू कानांत बोटं घातलीस. आज कागद आहे, कागदाला कान बंद करता येत नाहीत, म्हणून पुन्हा सांगते. बाबा उजव्या हाताने रंगवत होते. डावा हात पूर्ण वेळ बोक्याच्या पोटावर होता. पोट हलायचं थांबलं, तरी तो हात तिथेच होता. तू दारातून फक्त उजवा पाहिलास.

त्या चित्राचं तोंड त्यांनी भिंतीकडे केलं आणि कधी कुणाला दाखवलं नाही. गेल्या वेळी तू आलास, ते फिरवलंस, बराच वेळ पाहिलंस, फोटो काढलास आणि म्हणालास, "हेच सगळ्यांत चांगलं." बाबा पलंगावरून ऐकत होते. तू खाली उतरून गाडीत बसलास. त्यांना त्या चित्राबद्दल एक शब्द बोलला नाहीस, आणि आता ते शेकडो कार्डांवर छापून गावभर वाटायला निघालायस. अरे, ज्या चित्रासाठी बापाला टाकलंस त्याचंच निमंत्रण करतोस, तर त्याला आधी एकदा विचारशील की नाही? बरं, हे भाषण झालं. पण हे मी खोडणार नाही.

काल सकाळी भिंतीशी तेच एक उरलं होतं. बाबा म्हणाले, "पुढचं." मी आणलं, फिरवून समोर ठेवलं. झाकण उघडलं, ब्रश हातात दिला. त्यांनी ब्रश बुडवला, कॅनव्हासपर्यंत नेला. पांढरा थेंब जमिनीवर पडला. मग त्यांनी ब्रश पाण्याच्या भांड्यात परत ठेवला.

"त्याला विचार," म्हणाले.

"कुणाला, बाबा?"

किती वेळ लागला ते शब्द जुळवायला. घाम आला त्यांना. ओठ वाकडा होत होता, माझ्या मनगटाला धरलं होतं, त्याच डाव्या हाताने.

"कुत्रा त्याचा."

धाकट्या, मी जन्मभर ओरडले की वस्तू घडवणाऱ्याची. त्या माणसाने मला दोन शब्दांत खाली बसवलं.

म्हणून हे पत्र. दालनाला काय कळवायचं ते तू कळव; भिंतभर पांढरे कॅनव्हास हवे असतील तर टेम्पो पाठव, मी चिठ्ठ्या लावून देते. पण बोका पांढरा करायचा का, याचं उत्तर मला पत्राने देऊ नकोस, व्यवस्थापकांकरवी तर मुळीच नको. बाबांना "हो" कळतं आणि "नको" कळतं. त्यातला एक शब्द घेऊन ये, त्यांच्या डाव्या बाजूला बस आणि दे. तू "हो" म्हणालास तर झाकण तू उघड. माझ्याच्याने हे एक होणार नाही.

सकाळपासून बरणी त्यांच्या मांडीवर आहे. ती बाजूला ठेवू देत नाहीत. मी झाकण घट्ट लावलंय, आणि ते उघडायचा प्रयत्न करत नाहीत. नुसते जिन्याकडे कान लावून बसलेत. पायऱ्यांवर काकूंची पावलं वाजली की मान वर करतात आणि पुन्हा खाली घालतात.

येताना जिन्यात जपून चढ. दिवा नाही.

तुझी आणि बाबांचीही,
ताई