मागच्या सीटवरचा हिवाळा

३ एप्रिल

अखेर निघालो! आमच्या मिशिगनच्या वरच्या टोकाला कुणी म्हणालं की एप्रिल हा वसंताचा महिना, तर लोक आधी त्याच्या तोंडाचा वास घेतात. अंगणात अजून खिडकीपर्यंत बर्फ आहे. काल मी टपालपेटी खणून काढली, तर आत बागकामाचा कॅटलॉग. पानापानावर टोमॅटो. मला रडूच आलं. मग माझ्या नवऱ्याने, वाइनोने हात टेकले आणि जुनी कॅम्परव्हॅन बाहेर काढली. आता थेट दक्षिणेला. अंगातला लोकरी सदरा काढून फेकावासा वाटेल तिथपर्यंत.

सामानात तंबू, कॉफीची किटली, वेलदोड्याचा पाव, आणि बर्फ उपसायचं फावडं. फ्लोरिडाला फावडं कशाला, म्हटलं, तर म्हणे, "आयली, जूनच्या आत गाडीतून फावडं काढतो तो मूर्ख." माझा नवरा बोलतो कमी, पण त्याचं अंग म्हणजे शेगडी. लग्न झाल्यापासूनचा प्रत्येक हिवाळा मी त्याच्या पोटऱ्यांवर पाय शेकत काढलाय. नवऱ्यात याहून मोठा गुण काय बघायचा असतो, मला तरी ठाऊक नाही.

वाटेत दफनभूमीपाशी थांबलो. सासूबाई फेब्रुवारीत गेल्या. तेव्हा जमीन लोखंडासारखी, खणणार कशी? म्हणून हिवाळ्यात गेलेल्या आमच्याकडच्या सगळ्यांसारख्या त्याही तिथल्या दगडी खोलीत, पेटीत, जमीन मऊ व्हायची वाट बघतायत. वाइनो दर रविवारी त्या खोलीच्या दाराशी कॉफी घेऊन बसतो, कारण आईला एकटीला करमत नाही. तिथला राखणदार उर्हो म्हणाला, "जा रे बिनधास्त. लेम्पीबाई कुठं पळून जात नाहीत." वाइनो निरोप घ्यायला आत गेला तो येईचना. शेवटी मी भोंगा वाजवला.

हयातभर सासूबाई मला मुख्यतः एकच वाक्य बोलल्या: दार लाव, थंडी आत येते. मी घरात शिरत असले की जरा जास्तच जोरात.

५ एप्रिल, इलिनॉय

गवत! आणि तेही हिरवं! मी बूट-मोजे काढून त्यावर गायीसारखी हिंडले. वाइनोने शेकोटीवर सॉसेज भाजले, एकही जाळला नाही. स्वर्गात असंच असणार, फक्त डास कमी.

सकाळी मात्र खिडक्यांच्या काचांवर आतून बर्फाची नक्षी. बाहेर शेजारच्या तंबूतले गृहस्थ अर्ध्या चड्डीवर दात घासत होते. वाइनोच्या मते आपण घोरतो, त्याची वाफ गोठते. सहलीत नवऱ्याचं शास्त्र ऐकून घ्यावं, नाहीतर गाडी आपल्याला चालवावी लागते.

७ एप्रिल, केंटकी

छान ऊन. कॅम्पची मालकीण डार्लीनबाई हिची झाडून सगळी कुत्री दुपारी आमच्या गाडीखाली येऊन पडली. गारव्याला. डार्लीनबाई खिडकीवर टकटक करून म्हणाली, "अगं राणी, एसी जरा कमी कर की! विजेचं बिल माझ्या बोकांडी बसतंय." आमच्या गाडीला एसी नाही. मी तिला तसं सांगितलं. तिने माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं आणि घरी गेली.

जरा वेळाने कुत्री एकदम उठली आणि शेपट्या पायांत घालून पळाली. एकही भुंकलं नाही.

गाडी ज्या झाडाखाली होती ते पांढऱ्या फुलांनी लगडलेलं होतं. आमच्यावरच्या फांद्या तेवढ्या काळ्या पडल्या. आणि मागच्या सीटवर गोठलेलं दंव साचलंय. सगळ्या सीटवर नाही. एक बुटकं माणूस बसेल एवढ्याच जागेवर.

पुसलं. पुन्हा आलं.

९ एप्रिल, टेनेसी

पेनातली शाई गोठली. पेन्सिलीने लिहितेय. समोर मुलं आइस्क्रीम खातायत.

उर्होला फोन केला. भलताच खुशीत होता. "तुम्ही गेलात आणि हिवाळाही गेला की गं! एका दिवसात बर्फ वितळला. जमीन कशी, लोणी! या परत, म्हातारीला पोचवू." मग घसा खाकरला. म्हणाला, पेटी पुढे ओढायला गेलो तर एका हाताने आली. वाइनोने आईला दुसरीकडे हलवलंय का?

वाइनोला विचारलं, त्या खोलीत तू काय बोललास? तो म्हणाला, काय बोलणार? चल आई, येतेस का, एवढंच. निघताना म्हणतात तसं.

आमच्या गावात सगळेच म्हणतात, आणि समोरचा नको म्हणतो. तोंडदेखलं आमंत्रण सासूबाईंना कधीच कळलं नाही.

हे सांगताना वाइनोच्या तोंडातून वाफ येत नव्हती. माझ्या येत होती.

१० एप्रिल

पहाटे त्याच्या पोटऱ्यांना पाय लावले. नदीत घातल्यासारखे झाले.

मी ठरवलंय. परत फिरायचं. सासूबाईंना त्यांच्या जमिनीत पोचवायचं, म्हणजे माझा माणूस मला परत मिळेल. किल्ली घेतली. त्याने ती हळूच माझ्या बोटांतून काढून घेतली. चिडला नाही. म्हणाला, आईला अजून पुढे जायचंय. मऊ माती लागेपर्यंत.

आरशात न बघता गाडी चालवतो. मला दोनदा "दार लाव" म्हणाला. दार लावलेलंच होतं.

१२ एप्रिल, जॉर्जिया

लाल माती. मऊ. वाइनोने फावडं काढलं.

भर उन्हात खणतोय. मी अडवलं नाही — म्हटलं, ठीक आहे, इथे तर इथे, पण एकदाच्या जा. गाडीत पडून असलेली त्यांची जुनी घोंगडी मीच खड्ड्यात अंथरली. प्रार्थनाही म्हटली, येत होती तेवढी. तो खणतच राहिला.

सासूबाई माझ्या कोपराएवढ्या होत्या. म्हटलं, वाइनो, खड्डा एवढा लांब कशाला?

म्हणाला, आईला एकटीला करमत नाही.

१३ एप्रिल

सकाळ. ऊन. तळ्यावर लोक पोहतायत — हसणं ऐकू येतंय —

वाइनो खड्ड्यात आडवा. स्वतःच जाऊन — पापण्यांवर दंव. पण ओठ हलतात. माझं नाव घेतो. अजून आहे तो. अजून माझा आहे.

ओढलं. हलत नाही. पाठ मातीला चिकटलीय. किटलीतली उकळती कॉफी ओतली — ओतता ओतता गोठली —

दोर घ्यायला गाडीत आले. गाडीला बांधून ओढीन. किल्ली त्याच्या खिशातून काढली. इंजिन धरत नाही. लिहितेय, कारण हात थांबला की बोटं —

दोर मिळाला.

धरलं! इंजिन धरलं!

मागे बघणार नाही. दार उघडलंय. ऊन आत येतंय, गुडघ्यावर, ऊबदार — वाइनो, आले रे — मागून, अगदी मानेशी, कुणीतरी — दार लाव गं, म्हणाल्या, थंडी बाहेर चाल