सातव्या पेटीतली विहीर

कपाटाकडे काय बघताय? आधी शेवटपर्यंत वाचा. किल्ली तिथे नाहीच.

मी, इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितोय. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला मागे टाचलाय. दबाव कुणाचा नाही. दबाव आणणारे येऊन, चहा पिऊन गेले.

१. घर मुलीला. ती म्हणायची, "बाबा, घरच्यांचीसुद्धा उलटतपासणी घेता हो तुम्ही!" घेतली. कपाटातल्या माझ्या पेट्यांतली कार्डं जागा बदलायला लागली, तेव्हा दोन वर्षं तिच्यावरच संशय धरला. तो लेखी मागे घेतो.

२. त्या सात पेट्या. नोकरी कॉलेजात, पण एकतीस वर्षं, निवृत्तीनंतरही, दर शनिवारी मी हायस्कूलमध्ये नववीला शिकवत आलो. पोरं गल्लोगल्ली म्हाताऱ्यांना गाठायची, ऐकलेलं कार्डावर उतरवायची, खाली सांगणाऱ्याचं नाव, आणि माझ्या घरी येऊन पेट्यांत लावायची. सहकारी हसायचे, "डॉक्टरेट घेऊन पोरं सांभाळतोय!" हसण्यात पुढे माझाच विद्यार्थी, आताचा विभागप्रमुख. आजारपणात कपाटाची किल्ली त्यालाच दिली होती. अक्कल गहाण ठेवली होती मी.

बरा झाल्यावर शहानिशा म्हणून सातव्या पेटीत एक खोटं कार्ड घातलं: जुन्या बाजारामागे दगडी विहीर होती. ती फक्त माझ्या डोक्यात. वर्षभरात साहेबांचं पुस्तक आलं. पान एकशे बारा: विहीर! वर 'प्रत्यक्ष पाहणीवरून'.

त्याला माझा जुना चष्मा द्यावा. बाकी काही नाही.

३. पेट्या शाळेला. ते कार्ड परत काढलं तर लाल पेन्सिलीनं लिहिलेलं: 'सांगणाऱ्याचं नाव नाही. तीन आजोबांना विचारलं, कुणीच पाहिली नाही. सर, हे कुणी घुसडलं?' खाली इयत्ता, तुकडी, तारीख. सापळा चोरासाठी लावला, पकडला गेलो मीही. एकतीस वर्षांत इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

ते लिहिणारी नववीतली मुलगी आता दहावीत आहे. किल्ली तिच्याच हातात जाईल. तिनं हा कागदही तपासावा.

साक्षीदार: शाळेचे शिपाई, प्रयोगशाळेच्या बाई. दोघांनाही यात काही मिळत नाही, म्हणून घेतले. तरी सह्या ताडून बघा.

स्थळ: शाळेची प्रयोगशाळा. इतिहासाला खोली कुणी दिलीच नाही.
दिनांक: बावीस ऑगस्ट, शनिवार, मधली सुट्टी.

सही केली. जिन्यावरून विभागप्रमुखाचा आवाज येतोय, "सर, दोनच मिनिटं! पेट्यांचं काय ठरलं?"

मागच्या दारानं निघालो. किल्ली द्यायला.