जोनेच्या खांद्यावरचा व्रण

प्लेनो, टेक्सस, मार्च २००६

प्रिय ऋता,

तुझ्या त्या फिजीच्या सैनिकावर, जोनेवर, माझा पहिल्यापासून विश्वास बसला नाही. फिजीसारख्या एवढ्याशा देशाचे सैनिक निम्म्या जगात शांतता राखायला जातात आणि घरी मात्र सरकार उलथवतात, असं मी तुझ्या आईला म्हणायचो. आमच्याकडे आला तेव्हा तो दाराकडे तोंड करूनच जेवायला बसला. तेही मला खटकलं.

शनिवारी बॅकयार्डमध्ये त्याने शर्ट काढला आणि खांद्यावरचा व्रण दिसला.

"रग्बी खेळताना लागलं," तो म्हणाला.

"मी सर्जन होतो. ही गोळीची खूण आहे."

तो खाली बघत म्हणाला, "लेबनॉनमधली. आता बगदादला जायचंय, यूएनच्या ऑफिसवर पहाऱ्याला. ऋताला मी ऑस्ट्रेलियात ट्रेनिंग आहे असं सांगितलंय. तिला कळू देऊ नका, डॉक्टर."

"आणि लग्न?"

"परत आलो की."

मी शब्द दिला नाही. तो खोटं बोलतो, हे तुला कळवायलाच हे पत्र लिहायला बसलो. पण मघाशी तुझा फोन आला. हॉल बुक केला म्हणून तू किती आनंदात होतीस. जोनेचं ट्रेनिंग जूनमध्ये संपेल ना, असं तू विचारलंस, आणि मी म्हणालो, "संपेल की."

तुझा,
बाबा