पंपावर शिंपडलेलं पाणी

फादर,

आज सकाळची मिस्सा आटोपून मी दार ओढून घ्यायला बाहेर आलो, तर चर्चच्या पायरीवर फवारणीचा एक पंप ठेवलेला होता. स्वच्छ धुतलेला, रिकामा, खांद्याचे पट्टे नीट गुंडाळून वर ठेवलेले. कोणी ठेवला हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. आणि खरं सांगतो, पहिला राग आला तो तुमचा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मागच्या निंबाखाली तुमच्या दगडावरचं नाव आता बोट फिरवून वाचावं लागतं, आणि मी तुमच्यावर चिडून बसलोय. पण हे सगळं सुरू करून दिलंत तुम्हीच. मग सांगायचं तरी दुसऱ्या कोणाला?

तुमचं ते कौलारू स्वयंपाकघर अजून तसंच आहे, फक्त चुलीच्या जागी गॅस आला. माझी आई तिथं तुमचा स्वयंपाक करायची. तुम्ही दक्षिणेकडचे, नारळावर वाढलेले, आणि मराठी शिकलात मारेगावच्या बाजारात. त्यामुळे बायबल वाचायचं पुस्तकी मराठीत आणि बाकी सगळं बोलायचं वऱ्हाडीत, अशी तुमची तऱ्हा. अंबाडीची भाजी ताटात पडली की तुम्ही आईला छेडायचात, "काहून वं माय, आज मीठ रुसलं काय?" ती दुसऱ्या दिवशी मूठभर मीठ जास्त टाकायची. एका रविवारी ती मिस्साला आली नाही. तुम्ही स्वयंपाकघरात येऊन विचारलंत, काहून नाही आली. भाकर थापता थापता ती म्हणाली, "तुमच्या देवाले भाकर लागत नाही फादर, तुमाले लागते. मंग भाकर कोन करन?" तुम्ही हसाल असं मला वाटलं होतं. तुम्ही हसला नाहीत. पाटावर बसून राहिलात, भाकर गार होईपर्यंत.

त्यातूनच ते निघालं. मृगाच्या आधीच्या रविवारी प्रत्येकानं आपलं कामाचं हत्यार घेऊन चर्चच्या दारात यायचं, असं तुम्ही वेदीवरून सांगितलंत. वर म्हणालात, "येतानी चपला बाहेर काढता, जातानी चपला घालता, अन् देवाले आतच ठेवून जाता. असं कसं चालंन?" मला तो पहिला रविवार दिसतो. ऊन रणरणतंय, दारापासून रस्त्यापर्यंत रांग लागली आहे. कोणाच्या खांद्यावर डवरा, कोणाच्या हातात विळा, शिंपी आपली कात्री रुमालात गुंडाळून आलाय. पितळेच्या तांब्यात पाणी, तुमच्या हातात शिंदीच्या पानांचा कुंचा. सगळ्यात शेवटी माझी आई, लाजून पदराखाली काहीतरी धरलेलं. तुम्ही पदर बाजूला करायला लावलात, तर पळी. तुम्ही तिच्यावर दोनदा पाणी शिंपडलंत आणि म्हणालात, "हिले जास्त लागते." ती पळी मरेपर्यंत तिनं दुसऱ्या कोणाला हाताळू दिली नाही.

मी धर्मगुरू होऊन आलो तेव्हा पहिल्याच प्रवचनात जगातली सगळी विद्वत्ता ओतली. लोक बिचारे मान डोलावत होते. तुम्ही मला सॅक्रिस्टीत, वेदीमागच्या खोलीत गाठलंत. "काय बोलून राह्यला व्हता रे तू? तुह्या मायले समजलं काय?" नाही म्हणालो. "मंग देवाले तरी कायले समजंन?" असं म्हणून तुम्ही चहा प्यायला निघून गेलात. तो टोला मी अजून विसरलो नाही. पुढे तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा तो तांब्या आणि कुंचा माझ्या हातात दिलात. बोलवत नव्हतं तुम्हाला. मी समजायचं ते समजलो, किंवा समजलो असं मला वाटलं.

तुम्ही गेल्यावर रांगेतली हत्यारं बदलत गेली. डवरे कमी झाले. नवीन बियाणं आलं, कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर जायला लागली, आणि अळी येणार नाही असं सांगणारे सांगून गेले तरी अळी यायची ती आलीच. मग औषधं वाढली, एकात दुसरं मिसळून मारायला लागले. आधी हातानं दांडा मारायचे पंप, मग बॅटरीचे. मृगाच्या आधीच्या रविवारी पाठीवर पंप घेऊन पोरं रांगेत उभी राहायला लागली, आणि मी कुंचा बुडवून पंपावरही पाणी शिंपडलं. का नाही शिंपडायचं? पळीवर चालतं तर पंपावर का नाही? एखाद्या पोराला गमतीनं म्हणायचोही, "पाहा रे, टाकीत नको जाऊ देऊ, औषध पातळ होईल." सगळे हसायचे.

त्या हसणाऱ्यांत एक तरणा पोरगाही होता. आमच्या गायनमंडळात ढोलकी वाजवायचा, नाताळात तर त्याच्या ढोलकीशिवाय गाण्याला उठावच यायचा नाही. घरची शेती नव्हती, दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं फवारणी करायचा. बापही आधी तेच करायचा, दम लागायला लागला तसा त्यानं पंप मुलाच्या खांद्यावर दिला. गेल्या वर्षीचा पोळा होऊन गेला होता. आदल्या दिवशीच्या फवारणीनं मुलाचे डोळे चुरचुरत होते, डोकं जड झालं होतं. आई म्हणाली, आज जाऊ नको. मुलगाही नाही म्हणत होता. तेव्हा बाप म्हणाला, "पंपाले फादरचं पानी लागलं हाय. काई होत नाही, जाय."

दुपारी त्याला बांधावरून उचलून आणलं. ओकाऱ्या, तोंडाला फेस, समोरचं दिसत नव्हतं. यवतमाळच्या दवाखान्यात मी त्याच्या उशाशी होतो. त्या वॉर्डात त्याच्यासारखेच आणखी होते, सगळ्यांचे डोळे उघडे आणि कोणालाच काही दिसत नसलेलं. मी अंतिम अभ्यंग दिला, तेल लावताना त्याच्या कपाळाला औषधाचा वास येत होता. तो वाचला नाही. ढोलकी कबरीशी ठेवावी असं कोणीतरी म्हणालं. त्याच्या आईनं ठेवू दिली नाही.

माती होऊन थोडे दिवस गेल्यावर बाप माझ्याकडे आला. बस म्हटलं तरी बसला नाही. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "फादर, येक इचारतो. तुमचं पानी कच्चं व्हतं, का माहा इश्वास कच्चा व्हता? दोनातलं येक सांगा, मंग मी जातो."

फादर, तुम्हीच सांगा, यातलं काय सांगायचं होतं? पाणी कच्चं म्हणावं तर बाप्तिस्म्यापासून या माणसाच्या अंगावर जे जे पाणी पडलं ते सगळं वाया. विश्वास कच्चा म्हणावं तर पोराला त्यानंच मारलं. मी तिसरं सांगितलं, जे खरं आहे ते. म्हणालो, भाऊ, ते पाणी औषध अडवण्यासाठी नसतं. ते आपलं काम देवाच्या हाती सोपवण्यासाठी असतं. त्यानं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "मंग हे पंपावर शिंपडाच्या आधी सांगाले नोको व्हतं काय?" आणि गेला.

त्या दिवसापासून तो चर्चमध्ये आलेला नाही. त्याची बायको येते, मागच्या बाकावर बसते, प्रसाद घेते आणि कोणाशी न बोलता घरी जाते. एवढं होऊनही ती कशी येते, हे विचारायचा मला धीर होत नाही. मला तुमची एक गोष्ट आठवत राहते. झरीकडच्या एका पाड्यावर एका बाईचं तान्हं बाळ गेलं होतं. तुम्ही मला सोबत नेलं होतं. तिनं विचारलं, देवानं काहून नेलं? तुम्ही म्हणालात, "मले नाही मालूम, बाई." तिच्यापुढे तुरीच्या शेंगांचा ढीग पडला होता. तुम्ही खाली बसलात आणि दिवस कलेपर्यंत तिच्यासोबत शेंगा सोलत राहिलात. निघताना तिनं तुम्हाला त्यातलीच ओंजळभर तूर दिली. मला वाटलं, आपणही तसंच करावं. मी या बापाच्या घरी जाऊन बसायला लागलो. त्याची बायको काळा चहा करायची, तो भिंतीकडे बघत बिडी ओढायचा, आणि मी बसायचो. काही झालं नाही. होणारही नव्हतं. तुम्हाला त्या बाईचं उत्तर खरोखरच माहीत नव्हतं, म्हणून तुमचं बसणं खरं होतं. मला या बापाचं उत्तर माहीत होतं. त्यालाही आता माहीत होतं. माहीत असलेल्या दोघांनी समोरासमोर बसून करायचं काय?

यंदा मृगाच्या आधी मी वेदीवरून सांगितलं की हत्यारं आणा, पंप आणू नका. हातमोजे घाला, नाकाला कापड बांधा, वाऱ्याच्या उलट चालू नका, पोटात काही नसताना फवारणीला जाऊ नका, हेही सांगितलं. शुभवर्तमान वाचायच्या जागेवरून मी आता हे वाचतो. रांग अशी लागलीच नाही. चार विळे, एक कात्री, शाळेच्या बाईंची खडूची डबी. एका म्हातारीनं विचारलंच, "पंप काहून नाही आनाचे फादर? आमच्या पोट्ट्यायले तं आता जास्तच आशीर्वाद पायजे." तिचा नातू सध्या दुसऱ्याच्या शेतात फवारतो. मी तिच्या विळ्यावर पाणी शिंपडलं. कुंच्यातून पडलेले थेंब पात्यावरच सुकून गेले, आणि ती माझ्याकडे बघत उभी राहिली. पंपावर शिंपडलं तर मी खोटा, नाही शिंपडलं तर तिचा नातू उघडा. या दोहोंच्या मध्ये कुठं उभं राहायचं ते तुम्ही शिकवून गेला नाहीत.

आणि आज तो पंप. मी तो उचलून त्या बापाच्या घरी घेऊन गेलो. रस्त्यानं लोक बघत होते, झग्यातला फादर आणि हातात फवारणीचा पंप. तो अंगणात बाजेवर बसला होता. म्हटलं, भाऊ, हा विकून टाक, घरात नको ठेवू, पण माझ्याकडे कशाला? त्यानं पंपाकडे बघितलंही नाही. "राहू द्या तुमच्यापाशी," म्हणाला. "तुमचं पानी हाय त्याच्यावर. माह्या घरचं जे व्हतं ते गेलं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं. त्याची बायको दारात उभी होती. तिनं चहाचं विचारलं नाही, मीही बसलो नाही.

पंप आता स्वयंपाकघरात आहे, आईची पळी टांगायची त्या खुंटीखाली. कुंचा आणि तांब्याही तिथंच ठेवलाय. उद्या सकाळी मिस्सा आहे, पाच-सहा म्हाताऱ्या येतील, मी हात पसरून 'प्रभू तुम्हांबरोबर असो' म्हणेन आणि त्या म्हणतील 'आणि तुमच्याही आत्म्याबरोबर'. ते म्हणायचं मी सोडणार नाही. मला दुसरं काही येतही नाही.

हे लिहून झालं की तुमच्या दगडाखाली ठेवावं, असं सकाळी मनात होतं. आता ठेवणार नाही. कारण एक गोष्ट राहिली आहे, आणि ती तुमच्यापर्यंत पोचू नये असं मला वाटतं. आज त्याच्या अंगणातून बाहेर पडताना माझ्या लक्षात आलं की त्यानं या वेळी मला काहीच विचारलं नाही. पाण्याचं नाही, विश्वासाचं नाही. तो आता कधीच विचारणार नाही. आणि फादर, मला हायसं वाटलं.