सलूनमधला आरसा

प्रिय टकल्या,

हे नाव वाचून कपाळाला आठ्या पडल्या असतील तर पडू देत. सुट्टी लागली की बाबा तुला दुकानातल्या खुर्चीत बसवून डोक्यावरून मशीन फिरवायचे, तेव्हापासून तू माझ्यासाठी टकल्याच आहेस. आणि सध्या मी इतकी भडकले आहे की तुला बऱ्या नावाने हाक मारायची इच्छाच नाही.

तू कंपनी सोडून गेलास आणि तुझा गेम माझ्या गळ्यात पडला. तो आता फोनवर आणायचाय. चिपला काय रंगवायचं ते ज्या ग्राफिक्स एपीआयमधून सांगतात, तो तू असा निवडलास की फोनवर चालतच नाही. बरं, तेव्हा फोनचा विचार नव्हता, मान्य. पण त्या सूचना एका जागी ठेवायच्या की नाही? तू त्या कोडभर पेरून ठेवल्यास. दारात, दिव्यात, अगदी मांजरीच्या शेपटीतसुद्धा! मी त्या एकेक वेचून नव्या एपीआयमध्ये लिहितेय आणि प्रत्येक ओळीला तुझा उद्धार करतेय.

त्यात तुझी ती सलूनची खोली. तिथे शिरलं की फोन हातात धरवेना इतका तापायचा आणि चित्र अडखळायचं. कारण आरसा. तू अर्धी खोली रंगवून थांबतोस, आरसा रंगवतोस, परत खोली, परत आरसा. कॉम्प्युटरची दांडगी चिप हे निमूट सोसते. फोनची चिप चित्र तुकड्यातुकड्याने रंगवते. तिला मध्येच उठवलं की केलेलं सगळं बाहेर मेमरीत काढून ठेवायचं आणि पुन्हा आत घ्यायचं, यातच ती तापते. मॅनेजर म्हणाले, आरसा उडवा, तिथे भिंत करा. मीही वैतागून उडवला.

तो फोन घरी आणून बाबांना गेम दाखवला. दुकान बंद केल्यापासून ते नुसते बसून असतात. हात थरथरतात रे त्यांचे, वस्तरा धरवत नाही, म्हणून बंद केलं. तुला हे माहीत असायचं कारणच नाही, तू फोन कुठे करतोस? मीच बटणं दाबत होते, ते बघत होते. सलून आलं तसे एकदम चिडले. गिऱ्हाइकाला भिंतीकडे तोंड करून बसवणारा कोण हा गाढव, असं विचारायला लागले. तो गाढव मीच आणि सलून त्यांच्याच मुलाचं, यातलं काहीच मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तुझा मूळ गेम लावला आणि पहिल्यांदाच गेममधल्या सलूनच्या खुर्चीत जाऊन बसले. खोलीत कोणी नव्हतं. आरशात मात्र खुर्चीत एक टकला पोरगा होता आणि त्याच्या मागे बाबा. डाव्या खांद्यावर टॉवेल, कंगव्यावर फुंकर मारताहेत. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखीच राग आला. माझं काम तुम्हाला कळणार नाही, असं त्यांच्या तोंडावर सांगून घर सोडलंस. आणि त्यांना नेऊन ठेवलंस कुठे, तर कॉम्प्युटरला हातही न लावणारा माणूस जिथे कधी पोहोचणार नाही अशा आरशात! मनात एवढं होतं तर तोंडाने बोलायला काय झालं होतं?

आरसा आता फोनवर चालतो. एकाची दाढी अर्धी ठेवून बाबांनी कधी दुसऱ्याला खुर्चीत बसवलं का? मीही त्यांच्यासारखंच केलं. आधी आरसा, लहान आकारात, एकदाच पुरा रंगवायचा, मग खोलीला हात लावायचा. फोन तापत नाही. मॅनेजरनीही भिंतीचा हट्ट सोडला. बाबा मात्र रोज विचारतात, त्या गाढवाने आरसा लावला का, आणि मी रोज नाही म्हणते. तयार फोन माझ्या कपाटात आहे, पण तो मी त्यांना देणार नाही. तू ये आणि तू दाखव. त्यांच्या हातात तो स्थिर राहणार नाही, तेव्हा शेजारी बसून तुलाच धरावा लागेल.

तुझीच, अजून न निवळलेली,
ताई