दोष मुठीचाच

३ मार्च, रविवार

आज चर्चमध्ये त्या ट्रेने लाज आणली. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. द्राक्षरसाच्या इवल्याशा काचेच्या पेल्यांचा ट्रे बाकावरून बाकावर फिरत माझ्या हातात आला आणि पेले किणकिणायला लागले. लोरीनने लगेच खालून हात घातला. हल्ली दर वेळी घालते. परतताना गाडीत स्पष्ट सांगितलं, बाई गं, नवऱ्याला एक ट्रे धरता येत नाही असं लोकांना वाटतं.

शेवटचा बाक, दाराला लागून. तीच माझी चौकी. चर्चच्या सुरक्षा पथकात मी पहिल्या दिवसापासून आहे. कमरेला, शर्टाखाली, पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर. प्रार्थना संपेपर्यंत दारावरच्याने बाक सोडायचा नाही, हा नियमही माझाच. स्कूल बस चालवायची बंद झाल्यापासून आठवड्यातून एकाच दिवशी कोणाला तरी माझी गरज असते, तो रविवार.

संध्याकाळी ब्रेंटचा फोन. हल्ली पथकाचा प्रमुख तो. लहानपणी माझ्याच बसच्या मागच्या सीटवर उलट्या करायचा. म्हणे, ब्रदर डेल्मर, एप्रिलमध्ये सगळ्यांची नेमबाजीची चाचणी आहे. सात पावलांवर पेपर प्लेट. पाचही गोळ्या प्लेटमध्ये लागल्या नाहीत तर पथकातून नाव कमी. चर्चचे विमावाले ऐकत नाहीत. मी म्हटलं, बाळा, माझ्यापुरती ती औपचारिकता समज.

५ मार्च

गोठ्यामागच्या टेकडीवर सराव. प्लेट कोरी राहिली. लोरीन म्हणाली, फेकू नकोस, तिच्यात जेवता येईल.

चिडलो नाही. विचार केला. कारण सापडलं: मूठ! या रिव्हॉल्व्हरला कंपनीने दिलेली लाकडी मूठ इतकी आखूड की करंगळी खाली लोंबकळते. करंगळीला आधार नाही म्हणून हात हलतो. इतकी वर्षं लक्षात कसं आलं नाही? उद्याच ओटिसच्या बंदुकांच्या दुकानात जाणार. फार हलकं वाटतंय.

६ मार्च

रबरी मूठ घेतली. बोटांसाठी खाचा आहेत. ओटिस म्हणाला, माणूस मुठी बदलायला लागला म्हणजे एक तर खिशात पैसा जास्त, नाहीतर नेम कमी. मी हसलो. तो हसला नाही.

रात्री रिव्हॉल्व्हर रिकामं करून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. मुठीचा स्क्रू अगदीच बारीक. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना. चष्म्याचा नंबर वाढला असणार. शेवटी लोरीनने बसवला, एका हाताने बीन्स ढवळत.

१० मार्च, रविवार

गाण्याच्या वेळी दोन्ही हात वर करून देवाची स्तुती केली. हात खाली आले, शर्ट वरच राहिला. रबराला चिकटून बसला. हेझलबाई नेहमीप्रमाणे उशिरा आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, डेल्मर, देवासमोर सगळं उघडं असतं हे खरं, पण एवढं नको दाखवूस.

रबर बाद.

१७ मार्च, रविवार

आक्रोडाच्या लाकडाची मूठ. काय देखणी वस्तू! तळहात भरतो, करंगळी राणीसारखी बसते. लोरीनने स्क्रू लावून दिला. नवा कोट घालून ऐटीत गेलो. ब्रेंटने दारातच थांबवून कोटाच्या फुगवट्याकडे बोट दाखवलं. म्हणे, ब्रदर डेल्मर, कोटाखाली टर्की आणलीत का? ईस्टरच्या जेवणाला हॅम पुरेल.

शिवाय कालच्या सरावात प्लेट पुन्हा कोरी. म्हणजे लाकूड दिसायला चांगलं, कामाचं नाही. जगात सुंदर गोष्टींचं असंच असतं.

२७ मार्च

आता विज्ञानाचा आधार. लेझरवाली मूठ. मुठीत दाबली की गोळी जिथे जाणार तिथे लाल ठिपका पडतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठिपका पाडला. ठिपका मंगळवारवरून शुक्रवारवर, तिथून मागच्या महिन्यावर, मग फ्रिजवर. मांजर त्याच्यामागे धावून धावून दमलं.

उघड आहे, आतला दिवा सैल आहे.

खात्री करायला रिव्हॉल्व्हर शेडमधल्या टेबलाला जोडलेल्या लोखंडी पकडीत घट्ट आवळलं. ठिपका भिंतीवर खिळ्यासारखा स्थिर. बराच वेळ बघत उभा राहिलो. लोरीन कॉफी घेऊन आली, तिनेही बघितलं. मीच म्हटलं, पकडीत धरलं की दोष दबून राहतो. ती म्हणाली, हो ना. आणि कपाच्या कानात माझं बोट घालून दिलं.

मूठ परत केली. ओटिसने वाद घातला नाही. हल्ली कोणीच वाद घालत नाही, ते मला आवडत नाही.

२९ मार्च

बाबांना शेवटची वर्षं चमच्याने भरवावं लागायचं. माझ्या हातूनच जेवायचे.

हा विषय इथे लिहायचा नाही.

७ एप्रिल, रविवार

प्रभुभोजन. ट्रे आला, लोरीनचा हात खाली हजर. बजावूनही! घरी आल्यावर आवाज चढवला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, मंगळवारी डॉक्टरकडे जायचंय, मी वेळ घेतलीय. मी म्हटलं, डॉक्टरला बंदुकीच्या मुठीतलं काय कळतं? ती म्हणाली, डेल्मर, तुझा शर्टही मीच लावून देते रे सकाळी. बटणं लहान शिवतात आजकाल, मी म्हटलं.

मंगळवारची वेळ रद्द केली. चाचणी होऊ दे, मग बघू.

१४ एप्रिल, रविवार

सहा दिवस उरले. कॉफी बंद. चहा बंद. मुठीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, हा जुन्या शिकाऱ्यांचा उपाय. त्यावर खरखरीत टेप. श्वास रोखून बघितला, सोडून बघितला, उजवा हात डाव्याने धरून बघितला. मग डावाही हलायला लागला. त्याने उजव्याचं बघून उचललं असावं.

आज सगळे पाद्रीबाबांबरोबर आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत होते, मी पेपर प्लेटसाठी केली. देवा, पाचच गोळ्या. पुढे काय करायचं ते कर, पण मला त्या दारावर राहू दे. दुसरं काही मागत नाही.

२० एप्रिल, शनिवार

चाचणी.

गाडी लोरीनने चालवली. चर्चच्या जेवणातून उरलेल्या प्लेटा ओळीने टांगलेल्या. माझी पहिली गोळी मातीत. दुसरी मातीत. तिसरी शेजारच्या प्लेटमध्ये, तिथल्या माणसाने हात वर करून आभार मानले. ब्रेंटने माझ्यासाठी नवी प्लेट लावली, म्हणाला, ब्रदर डेल्मर, घाई नाही, परत करा. परत केलं. तीही कोरी.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, दोष हत्यारात आहे, कोणालाही चालवू दे, लगेच कळेल. हट्टच धरला. ब्रेंट इकडेतिकडे बघायला लागला. लोरीन पुढे आली. रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, टेप सोलली, ट्यूब काढली, आणि पर्समधून माझी ती जुनी आखूड लाकडी मूठ काढून बसवली. स्क्रूड्रायव्हरही पर्समध्येच. मग पाच गोळ्या मारल्या. प्लेटच्या मधोमध, कॉफीच्या कपाने झाकता येतील अशा. तिचे वडील तिला खारींच्या शिकारीला न्यायचे, हे मी विसरलोच होतो.

म्हणजे मूळ मूठच उत्तम. मी आधीपासून तेच म्हणत होतो.

ब्रेंटला माझ्याकडे बघवेना. शेवटी म्हणाला, दारावर माणूस कमी पडेल, सिस्टर लोरीन, तुम्ही याल का? ती म्हणाली, डेल्मरला विचार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, येऊ दे की, हत्यार तिला बसतंय.

घरी येताना डोळ्यांत पाणी. बंदुकीच्या धुराचं. घर येईपर्यंत थांबलं नाही.

२४ एप्रिल

डॉक्टरकडे जाऊन आलो. लोरीनने विचारलंच नाही, गाडीत बसवलं. डॉक्टर पोरगेलासा. कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. त्याचं पेन चांगलं नव्हतं. बाबांना काय झालं होतं, विचारलं. सांगितलं. गोळ्या दिल्या आहेत, पुन्हा बोलावलंय.

५ मे, रविवार

लोरीन शेवटच्या बाकावर, दारापाशी. निळा कोट, त्याखाली काही आहे असं वाटतसुद्धा नाही. मी तिसऱ्या बाकावर, सगळ्यांमध्ये. डावीकडची जागा रिकामी.

आज महिन्याचा पहिला रविवार आहे हे डोक्यातून गेलं होतं.

ट्रे आला. पुढच्या माणसाने मागे वळून माझ्या हातात दिला आणि वळला. पेले किणकिणले, मग वाजायला लागले, मग एकमेकांवर आपटायला लागले. खालून कोणी हात घालेना. खाली ठेवायला जागा दिसेना. रस माझ्या पँटवर, गालिच्यावर. पियानो थांबला. मी ट्रे सोडला नाही, सोडला असता तर सगळेच फुटले असते. मान वर केली नाही. बाबांसारखा बसलो होतो, हे मला कळत होतं.

मागून पावलं ऐकू आली. भरभर. तिने खाली हात घातला आणि पेले गप्प झाले.

प्रार्थना संपेपर्यंत दारावरच्याने बाक सोडायचा नाही. नियम म्हणजे नियम. ब्रेंटकडे तक्रार करायला हवी होती.

केली नाही. तिला म्हटलं, बस ना जरा इथेच.